व्याज स्वस्त झालं तरी मालक नवीन मशीन का घेत नाही? भांडवलशाही, साचलेपण आणि मॅक्रोचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याजवळ चाकणला एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या गाडीकंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या) इंजिनिअर आहात, बाहेरून एमए इकॉनॉमिक्स करताय, आणि पुस्तकात वाचलंय की व्याजदर खाली आला की गुंतवणूक वाढते आणि बाजार आपोआप सावरतो. मग कर्ज स्वस्त असताना तुमचे मालक नवीन मशीन का घेत नाहीत, जपान तीस वर्षं का अडकला, आणि याचा अर्थ भांडवलशाहीच संपत आलीय असा घ्यायचा का, असं तुम्ही विचारलंय.

माझी सगळी नोकरी बँकेत क्रेडिटला, म्हणजे कर्ज मंजुरीच्या विभागात गेली. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या टर्म लोनच्या फाइली वाचणं हेच काम, आणि जोडीला संध्याकाळच्या वर्गात मॅक्रो, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेचं अर्थशास्त्र, शिकवायचो, त्यामुळे पुस्तक आणि फाइल दोन्ही समोर ठेवून सांगतो. एका ओळीत सांगायचं तर मालक व्याज बघून मशीन घेत नाही, ऑर्डर बघून घेतो. ऑर्डर म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी खर्च. आणि प्रत्येक मालकाला आपल्या कामगाराचा पगार कमी ठेवायचा असतो पण गिऱ्हाईक मात्र खिशात पैसे असलेलं हवं असतं, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या मालकाचा कामगारच असतो. साचलेपणाचं मूळ माझ्या मते इथे आहे, बाकीची कारणं याला येऊन चिकटतात.

आधी मंदी आणि साचलेपण वेगळं करू. मंदी येते आणि जाते, दोन-चार तिमाह्या उत्पादन घसरतं, गोडाऊनमधला साठा संपतो, परत ऑर्डरी सुरू होतात. साचलेपणात उत्पादन घसरेलच असं नाही, ते वर्षानुवर्षं जेमतेम वाढतं, कारखाने अर्धेमुर्धे चालतात, व्याजदर तळाला असतात आणि तरीही कोणी नवीन शेड बांधायला तयार नसतं.

आता भांडवलशाहीकडे मॅक्रो कसं बघतं ते. मालकी खाजगी, माल विकण्यासाठी बनतो, आणि उद्या किती कारखाने उभे राहणार हे हजारो लोक एकमेकांशी न बोलता, आपापल्या नफ्याच्या अंदाजावर ठरवतात. या सगळ्याचा कणा गुंतवणूक. आणि गुंतवणुकीची गंमत अशी की ती एकाच वेळी दोन कामं करते: आज शेड बांधताना सिमेंट, स्टील, मजुरी यावर खर्च होतो म्हणून मागणी वाढते, आणि उद्या तीच शेड चालू झाली की उत्पादनक्षमता वाढते. १९४६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एव्हसी डोमार यांनी हे नेमकं मांडलं, त्याआधी १९३९ मध्ये रॉय हॅरड यांनी. वाढलेली क्षमता खपवायची तर उद्याची मागणी आजच्यापेक्षा जास्त लागते, म्हणजे उद्याची गुंतवणूकही आजच्यापेक्षा जास्त लागते. सायकलसारखं आहे, पॅडल मारत राहिलं तरच ती उभी राहते. गुंतवणूक नुसती आहे तेवढीच राहिली तरी क्षमता पडून राहायला लागते, आणि रिकामी क्षमता दिसली की मालक पुढची गुंतवणूक अजून कमी करतो.

हे फाइलमध्ये कसं दिसतं ते सांगतो, कारण वर्गात हे सांगितल्याशिवाय मुलांना पटत नाही. समजा भोसरीत एका जॉबवर्कवाल्याला ४० लाखाचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) घ्यायचंय, ३० लाख बँक देते, बाकी मार्जिन, म्हणजे स्वतःचा वाटा, त्याचा. व्याज एक टक्क्याने उतरलं तर पहिल्या वर्षी त्याचे साधारण ३० हजार वाचतात. आता मशीनचा रेट तासाला ५०० रुपये धरा, आठ तासांची शिफ्ट, महिन्याला २५ दिवस, म्हणजे एका शिफ्टचं महिन्याला १ लाख आणि वर्षाला १२ लाखांचं बिलिंग. मशीन दोन शिफ्ट चालेल असं धरून कर्ज घेतलं आणि एकच शिफ्ट चालली तर १२ लाख गेले, तिथे ३० हजारांची बचत कुठे पुरणार? म्हणून सीएमए डेटा, म्हणजे कर्जदाराने बँकेला दिलेले विक्री-नफ्याचे आकडे आणि अंदाज, आला की आम्ही व्याजाची ओळ शेवटी बघायचो, आधी बघायचो की विक्रीचा अंदाज कशावर बसवलाय. आणि तो बहुतेक वेळा मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर बसवलेला असतो, ज्यात एक महिना पक्का आणि पुढचे दोन महिने टेंटेटिव्ह. कर्ज मात्र पाच वर्षांचं. एका महिन्याच्या खात्रीवर पाच वर्षांचा हप्ता अंगावर घ्यायचा असतो, आणि त्या मधल्या अंतराला इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ केन्स अनिश्चितता म्हणतात. १९३६ च्या पुस्तकात त्यांनी जो मुद्दा मांडला तो नुसता सरकारने खर्च करावा एवढाच नाही, तर भविष्य मोजता येत नाही म्हणून गुंतवणूक अंदाजावर आणि उमेदीवर चालते, आणि उमेद गेली की व्याज कितीही उतरवा, हलत नाही, हा आहे.

त्याआधीचं मत काय होतं? फ्रान्सचे जे. बी. से यांच्या नावावर असलेला नियम, की माल बनवताना जे उत्पन्न वाटलं जातं तेवढ्यातून तो माल विकत घेता येतोच, म्हणून सगळीकडे एकदम माल पडून राहणं शक्य नाही. कोणी बचत केली तर ती बँकेमार्फत गुंतवणुकीत जाणार आणि व्याजदर दोन्हीचा मेळ घालणार. ऐकायला पटतं. पण १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण दर चार कामगारांमागे एक बेकार होता आणि हा मेळ काही बसला नाही. केन्सचं उत्तर असं की बचत करणारा आणि मशीन घेणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि सगळ्यांनी एकदम खर्च आखडला तर एकाच्या न केलेल्या खर्चामुळे दुसऱ्याचं उत्पन्न बुडतं, शेवटी एकूण बचत वाढत नाही, एकूण उत्पन्न मात्र कमी होतं. आणि अशा खालच्या पातळीवर अर्थव्यवस्था कितीही काळ बसू शकते. तुमच्या "आपोआप सावरतो" या वाक्याला केन्सचा खरा विरोध इथे आहे, सावरायला भाग पाडणारी कुठलीच शक्ती आतमध्ये असेल याची हमी नाही.

पण मला विचाराल तर या विषयात सगळ्यात धारदार माणूस केन्स नाही, मिखाल कालेत्स्की. पोलंडचा इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, केन्सच्या आधीच बरंचसं तेच शोधून काढलेलं, पण पोलिशमध्ये लिहिल्यामुळे इंग्रजी जगाला उशिरा कळलं. त्याचा हिशोब वहीत मांडून बघा. देशाचं उत्पन्न दोन भागांत वाटलं जातं, मजुरी आणि नफा. खर्च तीन प्रकारचा, कामगारांचा घरखर्च, मालकांचा घरखर्च आणि गुंतवणूक. कामगार मिळालेलं सगळं खर्च करतात असं धरलं तर दोन्ही बाजूंनी मजुरी कटते आणि उरतं काय? नफा म्हणजे गुंतवणूक अधिक मालकांचा स्वतःचा खर्च. त्यात सरकारची तूट आणि निर्यातीचं आधिक्य मिळवा, कामगारांची बचत वजा करा, झालं समीकरण. आता यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला? मालक मंडळी यंदा खर्च किती करायचा ते ठरवू शकतात, नफा किती होणार ते ठरवू शकत नाहीत. म्हणजे नफा आहे म्हणून गुंतवणूक होते हे एका मालकापुरतं खरं, सगळे मालक मिळून मात्र गुंतवणूक करतात म्हणून नफा होतो. सगळ्यांनी मिळून हात आखडला की सगळ्यांचा नफा एकदम जातो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपला निर्णय शहाणपणाचा होता बघा, बाजार वाईटच निघाला.

पगारकपातीचंही तसंच. एका कंपनीने पर्मनंट माणसं काढून कंत्राटी घेतली तर तिचं नफ्याचं मार्जिन वाढतं यात शंका नाही. अख्ख्या पट्ट्याने तेच केलं तर? मग कंत्राटी पोरगा बाइक घ्यायची पुढे ढकलतो, बाइकवाली कंपनी शेड्यूल कमी करते, वर व्हेंडरकडे दरवर्षीप्रमाणे रेट उतरवून मागते, व्हेंडर आणखी दोन माणसं कंत्राटावर घेतो. हे मी फाइलीमागून फाइलीत बघितलंय, प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे बरोबर होती. कालेत्स्कीचं म्हणणं असं की मजुरी दाबल्याने एकूण नफा वाढत नाही, कारण नफा गुंतवणुकीने ठरतो, फक्त तेवढाच नफा कमी उत्पादनातून आणि कमी रोजगारातून मिळतो. इथून सुटायची एकच वाट राहते, आपली मजुरी कमी ठेवून माल परदेशात विकायचा, म्हणजे दुसऱ्या देशाच्या खर्चावर आपला नफा. जर्मनी आणि चीननं ते बऱ्यापैकी केलं. आपल्याकडेही भोसरीतले काही शेड अमेरिकेतल्या ट्रकच्या मागणीवर चालतात, तिकडे ट्रकच्या ऑर्डरी वाढल्या की इकडे तिसरी शिफ्ट लागते. पण सगळे देश एकाच वेळी निर्यात आधिक्य ठेवू शकत नाहीत, ही साधी बेरीज-वजाबाकी आहे.

१९४३ मध्ये कालेत्स्कीने आणखी एक गोष्ट लिहिली जी मला आजही अस्वस्थ करते. सरकार खर्च करून सगळ्यांना काम देऊ शकतं, त्याने मालकांचा नफाही वाढतो, तरी मालकवर्ग त्याला विरोध करेल, कारण कायम पूर्ण रोजगार राहिला तर कामावरून काढायची भीती संपते, शॉपफ्लोअरवरचा वचक जातो, आणि अर्थव्यवस्थेची तब्येत आपल्या मूडवर अवलंबून आहे हे जे वजन मालकांना सरकारदरबारी मिळतं तेही जातं. अर्थशास्त्र म्हणून उत्तर माहीत असूनही राजकारण म्हणून ते वापरलं जात नाही, आणि साचलेपण लांबायचं हे फार मोठं कारण आहे असं मी मानतो.

"सेक्युलर स्टॅग्नेशन", म्हणजे दीर्घकाळचं साचलेपण, हा जो शब्द तुम्ही प्रश्नात वापरलाय तो अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ अल्विन हॅन्सन यांचा, तिथल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे १९३८ च्या डिसेंबरमध्ये केलेल्या अध्यक्षीय भाषणातला. त्यांचं म्हणणं की लोकसंख्येची वाढ मंदावली, नवीन प्रदेश वसवायचे संपले, आणि रेल्वेसारखा प्रचंड भांडवल खाणारा शोध समोर दिसत नाही, मग बचत जाणार कुठे? पुढे युद्ध झालं, युद्धानंतर जन्मदर उसळला, घरं, हायवे, मोटारी, आणि हॅन्सनचं भाकीत बाजूला पडलं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ लॅरी समर्स यांनी आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) व्यासपीठावर तोच विचार परत काढला, की बचत आणि गुंतवणूक जिथे जुळतील तो व्याजदर बहुधा शून्याच्याही खाली गेलाय आणि मध्यवर्ती बँक तिथवर पोचू शकत नाही. कारणं म्हणून म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, स्वस्त झालेली यंत्रसामग्री, आणि श्रीमंतांकडे सरकलेलं उत्पन्न, कारण श्रीमंत माणूस मिळालेल्या रुपयातला मोठा हिस्सा साठवतो. मधल्या काळात, १९५२ मध्ये, योसेफ श्टाइंडल यांनी मक्तेदारीचा मुद्दा मांडला होता तो मला जास्त व्यवहारातला वाटतो: मागणी घटली तर स्पर्धेतला छोटा कारखानदार भाव पाडतो, मोठी कंपनी भाव आणि मार्जिन तसंच ठेवते आणि उत्पादन कमी करते. मार्जिन सुरक्षित, क्षमता रिकामी, आणि रिकाम्या क्षमतेवर नवीन मशीन कोण घेणार?

आता दुसऱ्या बाजूचंही नीट ऐकलं पाहिजे, नाहीतर उत्तर एकांगी होईल. रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये दाखवलं की नुसती यंत्रं वाढवत गेलं तर प्रत्येक पुढच्या यंत्राची भर कमी होत जाते, दीर्घकाळात माणशी उत्पन्न वाढायचं तर तंत्रज्ञानच लागतं. मग साचलेपण म्हणजे तंत्रज्ञानाचा वेग मंदावणं. रॉबर्ट गॉर्डन यांचं म्हणणं साधारण हेच, की वीज, नळाचं पाणी, इंजिन, औषधं यांनी जेवढं आयुष्य बदललं तेवढं नंतरच्या शोधांनी बदललेलं नाही. अर्थशास्त्रज्ञ शुंपीटर यांच्या विचाराची माणसं म्हणतील की जुने आजारी कारखाने बंद पडू द्या, त्यांचं भांडवल आणि माणसं नव्यांकडे जाऊ द्या. यात तथ्य आहे. आणि १९७० चं दशक मागणीवाल्यांनी विसरू नये. १९७३ मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला, महागाई आणि बेकारी दोन्ही एकदम वाढली, तिथे मागणी वाढवून फक्त भाव वाढले. शेवटी तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी अमेरिकेतले व्याजदर १९८१ मध्ये वीस टक्क्यांच्या आसपास नेले, महागाई मोडली पण कारखाने आणि नोकऱ्यांची भयंकर किंमत मोजून. म्हणजे पुरवठ्याचा आजार असताना मागणीचं औषध दिलं तर नुकसान होतं, आणि उलटही तितकंच खरं.

मग ओळखायचं कसं? भाव बघा आणि क्षमता बघा. माल मिळत नाही, सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) मिळत नाही, भाव चढतायत, तर पुरवठा अडलाय. मशीन रिकामी, माणसं रिकामी, भाव थंड, व्याज तळाला, तर मागणी अडलीय. जपानमध्ये तीस वर्षं दुसरं चित्र होतं, म्हणून तिथे नुसत्या तंत्रज्ञानाच्या मंदीचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं.

जपानची गोष्ट कर्जाची आहे. १९८९ च्या अखेरीस निक्केई, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, ३८,९१५ ला होता, तो आकडा परत दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. जमिनीचेही भाव कोसळले. जमीन गहाण ठेवून घेतलेली कर्जं तशीच राहिली. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांनी यावर जे लिहिलं ते बँकेतल्या माणसाला लगेच समजतं: कंपनीचा धंदा नीट चाललाय, रोकड येतेय, पण ताळेबंदात मालमत्तेपेक्षा कर्ज जास्त झालंय, मग ती नफा वाढवायचं सोडून आधी कर्ज फेडायला लागते. एका कंपनीने फेडलं तर शहाणपणा, सगळ्यांनी वर्षानुवर्षं फेडलं तर कर्ज घेणाराच उरत नाही. बँक ऑफ जपानने १९९९ मध्ये व्याज शून्यावर आणलं, २०१६ मध्ये शून्याच्या खाली नेलं, पण ज्याला कर्जच नकोय त्याला फुकट कर्जाचं काय आकर्षण? सरकारने तूट वाढवून ती जागा भरली म्हणून जपान १९३० च्या अमेरिकेसारखा कोसळला नाही, आणि त्यापायी सरकारी कर्ज जीडीपीच्या दुपटीवर गेलं. वयस्कर होत चाललेली लोकसंख्या हेही कारण आहेच, काम करायच्या वयाची माणसं तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कमी होतायत, तेवढं वजा केलं तर जपानची कामगिरी आकड्यात दिसते त्यापेक्षा बरी आहे.

आपल्याकडेही याचं एक रूप येऊन गेलं. २००८ च्या आधीच्या तेजीत वीज, स्टील, रस्ते यांना दिलेली मोठी कर्जं अडकली, मार्च २०१८ मध्ये बँकांचा एकूण एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचा वाटा, ११ टक्क्यांच्या वर गेला. २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात यालाच कंपन्या आणि बँका अशा दोन्ही ताळेबंदांचं दुखणं म्हटलंय. त्या काळात क्रेडिट कमिटीत बसलेल्या माणसाला विचारा, चांगला प्रस्तावही पुढे ढकलावासा वाटायचा, सही करायला हात उचलत नव्हता. म्हणजे साचलेपणात फक्त घेणाराच नाही तर देणाराही आखडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हायमन मिन्स्की सांगतात की ही बीजं तेजीतच पेरली जातात, दिवस चांगले असले की कर्जदाराचं स्वतःचं मार्जिन कमी असलं तरी चालतं, अंदाज फुगतात, जुनं व्याज भरायला नवीन कर्ज लागतं.

आणि मग २०१९, जे तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं. फेब्रुवारी ते ऑक्टोबर रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.१५ वर आणला. सप्टेंबरमध्ये सरकारने कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के केला, नवीन उत्पादक कंपन्यांना १५. मालकाच्या हातात व्याजही स्वस्त, करही कमी. आणि त्याच ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त घसरलेली, चाकण-पिंपरीत बिनकामाचे दिवस जाहीर होत होते, कंत्राटी पोरं गावाला परत जात होती. अशा वेळी करात वाचलेला पैसा माणूस कशात घालेल? कर्ज फेडेल, एफडी करेल. गुंतवणुकीची उडी काही दिसली नाही. मान्य आहे की सहा महिन्यांत कोविड आला, त्यामुळे ही परीक्षा पूर्ण झाली असं म्हणता येत नाही, पण त्यानंतर जी गाडी चालली ती मुख्यतः सरकारच्या खर्चावर, केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये साधारण ३.४ लाख कोटी होता तो २०२३-२४ मध्ये साडेनऊ लाख कोटींच्या आसपास गेला.

भारत जपानच्या अर्थाने साचलेला नाही, इथे वाढ आहे, आणि ते उगाच नाकारू नये. पण वाढीच्या आत एक साचलेला थर आहे, तो दुचाकीच्या आकड्यांत दिसतो. देशात २०१८-१९ मध्ये २ कोटी ११ लाखांच्या वर दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये हा आकडा १ कोटी ३५ लाखांच्या आसपास आला, आणि २०२४-२५ मध्ये चढूनही १ कोटी ९६ लाखच होता, म्हणजे सहा वर्षांनीही जुना उच्चांक गाठलेला नव्हता. त्याच काळात एसयूव्ही धडाधड खपत होत्या, प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा झाला. एकाच पुण्यात एसयूव्हीचा पार्ट बनवणारा व्हेंडर दुसरं युनिट टाकतोय आणि शंभर सीसी बाइकचा पार्ट बनवणारा एक शिफ्ट बंद ठेवतोय. उत्पन्न कोणाकडे जातंय यावर मागणीचा आकार ठरतो, हे कालेत्स्की आणि समर्स दोघंही सांगतात, आणि तुमच्या मालकांचं उत्तर बहुधा ते यातल्या कुठल्या बाजूचा पार्ट बनवतात त्यात आहे.

उपाय काय, हे तुम्ही विचारलं नाहीये पण महाराष्ट्रात राहून हे न सांगणं बरोबर होणार नाही. १९७१ मध्ये आपल्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी गरिबीवरचा जो अभ्यास केला त्यात सार्वजनिक कामांतून रोजगार द्यायचा आग्रह होता. १९७२ चा दुष्काळ पडला, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि पैसा कुठून आला? तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला साधारण २०० रुपये "पीटी" म्हणून कापले जातात ना, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच लावला होता. शहरातल्या नोकरदाराच्या हातातला, कदाचित बचतीत गेला असता असा रुपया गावातल्या मजुराच्या हातात, जो तो त्याच आठवड्याच्या बाजारात खर्च करणार. मागणीचा सिद्धांत यापेक्षा नीट कुठे राबवलेला मला माहीत नाही. आणि त्यात पुरवठ्याचीही जाण होती, कारण दुष्काळात धान्यच नसताना नुसते पैसे वाटले तर भाव भडकतात, म्हणून कामावर सुकडी वाटली गेली, बाहेरून मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणली गेली. जुन्या माणसांना विचारा, त्या मिलोच्या भाकरीची चव अजून लक्षात असेल. आणि हेच १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे डेक्कन कॉलेजच्या व्याख्यानात सांगत होते, की इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे लागू होतील असं धरून चालू नका, इथली परिस्थिती बघा.

राहिला प्रश्न भांडवलशाही संपत आलीय का याचा. मार्क्सने नफ्याचा दर घसरत जाईल असं म्हटलं, त्याला अडवणाऱ्या गोष्टीही त्यानेच मोजून दाखवल्या, आणि दीडशे वर्षांत ही व्यवस्था कितीतरी वेळा आजारी पडून उठलीय. मला आपोआप कोसळण्याचा सिद्धांत पटत नाही. आपोआप सावरण्याचाही पटत नाही. खरा धोका मधला आहे, की ती अर्ध्या क्षमतेवर वर्षानुवर्षं चालत राहते आणि तेच तिचं नेहमीचं होऊन बसतं. १९८६ मध्ये ब्लँचार्ड आणि समर्स यांनी युरोपच्या बेकारीवर हेच दाखवलं, बेकारी लांबली की ती पुढच्या बेकारीचं कारण बनते. आयटीआय केलेला टर्नर पाच वर्षं डिलिव्हरी करत फिरला की त्याचा मायक्रोमीटरवरचा हात जातो. शेड बंद पडते, लेथ भंगारात जाते, जागेवर गोडाऊन होतं. मग कधीतरी ऑर्डर आली की मालक म्हणतात, कुशल माणूस मिळत नाही हो, आणि सर्वेक्षणात ती "कौशल्याची कमतरता" म्हणजे पुरवठ्याचा प्रश्न म्हणून नोंदवली जाते, जरी तिची सुरुवात मागणी नसण्यातून झालेली असली तरी. मागणीच्या आजारावर वेळेत उपचार केला नाही की तो पुरवठ्याचा होतो, म्हणून थांबून बघू या सल्ल्याला माझा इतका विरोध आहे.

परीक्षेच्या दृष्टीने सांगायचं तर आयएस-एलएमची (म्हणजे व्याज आणि उत्पन्न यांचा मेळ दाखवणारी पाठ्यपुस्तकातली) आकृती काढताना आयएस रेषा जवळजवळ उभी काढून बघा, म्हणजे गुंतवणूक व्याजाला दाद देत नाही असं धरून, आणि मग एलएम, म्हणजे पैशाच्या बाजूची रेषा, सरकवा, व्याज उतरतं पण उत्पन्न जवळजवळ हलत नाही, तुमचा अर्धा प्रश्न त्यात आहे. उरलेला अर्धा, म्हणजे उत्पन्न कोणाकडे जातंय आणि अंगावर कर्ज किती आहे, त्या आकृतीत नाहीच, त्यासाठी कालेत्स्कीचं समीकरण आणि मिन्स्की. आणि दर तिमाहीला रिझर्व्ह बँकेचं क्षमता वापराचं सर्वेक्षण बघत जा, गेली काही वर्षं ते ७५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतंय. हा आकडा चढायला लागला आणि जोडीला ग्रामीण मजुरी महागाईच्या पुढे जायला लागली की खाजगी गुंतवणुकीच्या फाइली बँकांत यायला लागतील, रेपो तेव्हा पाव टक्का वर असो की खाली.